पांझरा स्पोर्टिंगचा शेवटचा हिवाळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आठवड्याभरात धुळ्यात थंडी येते. आमच्याकडची थंडी दबक्या पावलांनी येत नाही. एके सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आखडतात आणि कळतं, आली. यंदाही ती तशीच आली. कानाला मफलर गुंडाळून मी फिरायला निघालो. पुलावरून खाली पाहिलं तर पांझरेच्या उरल्यासुरल्या पाण्यावर पांढरी वाफ होती. पाय मी न सांगता मैदानाच्या रस्त्याला लागले. भिंतीपाशी पोचलो, आतून शिट्टी वाजली आणि मी खाकरून घसा साफ केला. मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. आता मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

एसटीच्या डेपोत मी वाहतूक नियंत्रक होतो. साक्री, शिरपूर, चाळीसगाव, यावल अशा गाड्या भोंग्यावरून पुकारण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्या आवाजापायीच पांझरा स्पोर्टिंगने मला धरून नेलं. पांझरा स्पोर्टिंग हा आमचा फुटबॉल क्लब. दर हिवाळ्यात, दिवाळी ते संक्रांत, क्लबच्या मैदानावर स्पर्धा व्हायची आणि बांबूच्या मचाणावर बसून मी माइकवरून सामन्याचं वर्णन करायचो. मी स्वतः कधी खेळलो नाही. एका पायाने लहानपणापासून अधू. पण चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला हे सांगताना वाटायचं, तो मीच नेतो आहे. मैदानावर मला नावाने कुणी हाक मारत नसे. कंट्रोलरभाऊ, एवढंच.

त्या हिवाळ्यांचे वास अजून नाकात आहेत. टँकरने पाणी मारलेल्या मातीचा. मालिशच्या तेलाचा. ॲम्प्लिफायर तापला की येणारा किंचित जळकट. सकाळच्या उन्हात फक्कीच्या ताज्या रेघा इतक्या पांढऱ्या दिसायच्या की पहिला बूट त्यांवर पडला की वाईट वाटायचं. लोक घरून गोणपाट आणून बसत. मोहल्ल्यातले कारागीर, बाजार समितीतले हमाल, खेड्यांतून कामाला आलेले शेतकरी, सगळे मांडीला मांडी लावून हरभऱ्याचे टहाळ सोलत बसायचे. मध्यंतरापर्यंत रेघेबाहेरची जमीन हिरव्या टरफलांनी झाकलेली असायची. अंतिम सामना झाला की मैदानाच्या कोपऱ्यात तुरीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचून भरीत करायचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर जिंकलेल्या-हरलेल्या दोन्ही संघांनी एकाच पंगतीत खायचं, असा रिवाज होता. हरलेल्यांना भरीत जास्त वाढायचं हाही त्याचाच भाग.

स्पर्धा नसतानाही आमचं मैदान सुटत नसे. समोरच्या चहाच्या टपरीवर एक बाक होता. रोज संध्याकाळी तिथे आम्ही तिघं बसायचो. एक मी. दुसरे हमीदचाचा. ते शिंपी. क्लबच्या सगळ्या जर्स्या त्यांनीच शिवलेल्या, निळ्या अंगावर पांढरी आडवी पट्टी. खेळाडू चालत आला की नुसत्या नजरेने त्याच्या खांद्याचं माप घेत. तिसरे बन्सीनाना. साक्रीच्या पलीकडल्या खेड्यातले शेतकरी घरातले, शिकायला म्हणून धुळ्यात आले आणि क्लबचे गोलकीपर झाले. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी एका पेनल्टीने कायमची वाकडी केली होती. शहरात आयुष्य गेलं तरी बोलणं खेड्यातलंच, अहिराणी राहिलं; 'आहे'ला ते 'शे' म्हणत.

आमचे वाद ठरलेले होते. सगळ्यात चांगला बॅक कोण, सगळ्यात वाईट पंच कोण, कुठल्या वर्षीचा संघ भारी. चाचा एक नाव घ्यायचे, नाना ते खोडून काढायचे. चहा संपायचा, दुसरा यायचा. पण सगळे वाद शेवटी प्रल्हादपाशी येऊन थांबत. प्रल्हादवर तिघांचंही एकमत होतं.

प्रल्हाद सावद्याचा. केळीचे घड ट्रकमध्ये भरायच्या कामावर होता. यावलच्या एका स्पर्धेत नानांनी त्याला अनवाणी खेळताना पाहिलं आणि तिथल्या तिथे धुळ्याला यायचं वचन घेतलं. मग दर रविवारी तो पहाटेच्या गाडीने यायचा. गाडी आली की मी डेपोच्या खिडकीतूनच त्याला ओळखायचो. ओझ्यामुळे मान थोडी पुढे काढून चालायची सवय होती त्याला. मैदानात मात्र ती मान सरळ व्हायची. चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला की समोरचा बॅक एक पाऊल मागे सरायचा, हे मी मचाणावरून वर्षानुवर्षं पाहिलं. भुसावळच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात त्याने कोपऱ्यातून, जिथून गोल होऊच शकत नाही तिथून, चेंडू आत घातला. तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला, असं लोक सांगतात.

त्याला एकदा मोठ्या शहरातल्या संघाने चाचणीसाठी बोलावलं होतं. आम्ही वाजतगाजत गाडीत बसवलं. दोन आठवड्यांत परत आला. तिथली मुलं गवतावर वाढलेली होती, त्यांना कुणी धावायला शिकवलं होतं, खायला काय घालायचं ते कुणी ठरवलं होतं. प्रल्हादला नवे बूट चावले. चाचा म्हणाले, "पाँव था उसके पास. मैदान नहीं था."

आमचं मैदान म्हणजे काळ्या मातीचा तुकडा. उन्हाळ्यात त्याला भेगा पडायच्या आणि हिवाळ्यात आम्ही त्या मुरुमाने बुजवायचो. खेळाडूंची खोली म्हणजे पत्र्याची शेड, कपडे टांगायला भिंतीत खिळे. अंघोळीला बाहेरचा नळ. डिसेंबरच्या सकाळी सामना खेळून घामाने वाफाळलेली पोरं त्या नळाखाली बसायची तेव्हा त्यांचे दात वाजलेले मचाणापर्यंत ऐकू यायचे. अशाच एका हिवाळ्यात, साध्या साखळी सामन्यात, पळता पळता प्रल्हादचा पाय बुजवलेल्या खड्ड्यात गेला. कुणी त्याला शिवलंही नव्हतं. तो खाली बसला आणि आपल्या गुडघ्याकडे अनोळखी वस्तूकडे पाहावं तसा पाहत राहिला. मी माइकवरून म्हणालो, "प्रल्हाद उठेल, आत्ता उठेल." तो उठला नाही. नंतर चालू लागला, घड उचलू लागला, खेळला मात्र नाही.

पुढे माझ्या हातून जे झालं ते त्या खड्ड्यामुळे, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. क्लब तोवर नावालाच उरला होता. थोडे आजीव सभासद, मैदानाचा एका जुन्या ट्रस्टशी केलेला करार आणि कसाबसा जमवलेला संघ. एका संध्याकाळी हमीदचाचा बाकावर बसता बसता म्हणाले, "कंट्रोलरसाब, सुना? जळगावचे कुणी अध्यक्ष आपला क्लब घेणार म्हणतात."

मी ऐकलं होतं. जळगावच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते ते. त्यांचा माणूस मला डेपोत येऊन भेटूनही गेला होता. रंगीत चित्रं दाखवली होती त्याने. कृत्रिम गवत, उंच खांबांवर दिवे, व्यायामशाळा, खेळाडूंसाठी गरम पाण्याची न्हाणीघरं.

"घेऊ द्या की," मी म्हणालो. "आपण काय सांभाळून राहिलोय? एक पत्र्याची खोली?"

"मैदान शे," नाना म्हणाले.

"मैदान कसलं, नाना? खड्डे आहेत. तिकडे युरोपात तेलवाले शेख क्लब घेतात आणि दोन वर्षांत संघ पहिल्या नंबरावर नेतात. पैसेवाल्याशिवाय खेळ चालत नाही आता."

"गरम पानी," चाचा स्वतःशीच म्हणाले. त्यांना ती कल्पना फार आवडलेली दिसली. "पोरांना गरम पानी मिळेल."

नानांनी बशी खाली ठेवली. "मैदान कोना नावावर ऱ्हाई?"

"क्लबच्या. आत्ता आहे तसंच."

"आनि क्लब कोना?"

मी म्हणालो, "नाना, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तेव्हा मला तो माझा विजय वाटला.

सभासदांची सभा एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झाली. उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते आणि म्हातारी माणसं त्या चौकोनांत खुर्च्या ओढून बसली होती. अध्यक्ष स्वतः आले होते. मृदू बोलणारे, सगळ्यांच्या पाया पडणारे. मला वाटलं होतं कुणी मग्रूर माणूस येईल, तसं काही नव्हतं. त्यांनी प्रल्हादचं नाव घेतलं. अशा खेळाडूला आम्ही मुख्य प्रशिक्षक करू, म्हणाले.

मग नाना उभे राहिले. त्यांना माइक धरता येत नव्हता, तो त्यांनी पोटाशी धरला. "मी त्या गोलमा उभा ऱ्हायनू. माले भाषन येत नही. मैदान देवानं नही, इतलंच."

मैदान द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन-चार माना हलल्या. सभा तिथेच फिरली असती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी नानांच्या हातातून माइक घेतला आणि माझ्या मचाणावरच्या आवाजात म्हणालो, "नाना, प्रल्हादचा गुडघा या मैदानाने खाल्ला. तुम्ही होतात, मी होतो, आपण बघत राहिलो. अजून किती पोरांचे गुडघे द्यायचे?"

टाळ्या झाल्या. मला त्या टाळ्या आवडल्या, हे लपवून उपयोग नाही. नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. सोबत खेळणाऱ्या माणसाने आपल्याच गोलात चेंडू मारावा तेव्हा गोलकीपर जसा बघतो, तसे. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. बाकीचे हात वर गेले. सगळ्यात आधी माझा.

त्याच दुपारी मी प्रल्हादला फोन केला. मागे ट्रकचं इंजिन चालू होतं, त्याला ओरडून सांगावं लागलं.

"मुख्य प्रशिक्षक. तू."

त्याने कुणाला तरी इंजिन बंद करायला सांगितलं. मग तो म्हणाला, "खरं सांगता का भाऊ?"

"मी त्यांच्या तोंडून ऐकलंय."

"मले शिकवता येईन?"

"तुला जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही."

त्याने महिन्याभरात काम सोडलं. ज्या व्यापाऱ्याकडे तो तरुणपणापासून होता त्याने थांब म्हटलं, तरी सोडलं. बायको आणि मुलीला घेऊन धुळ्यात खोली केली. मुलीची शाळा बदलली. संक्रांतीच्या सुमाराला मैदानावर समारंभ झाला. मी अध्यक्षांची ओळख करून दिली, मला सुचतील ती सगळी विशेषणं लावली. प्रल्हादला शाल दिली. त्याने पँटचे पाय दुमडून मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या चेंडूला डाव्या पायाने लाथ मारली. चेंडू छान गेला. चाचांनी डोळे पुसले आणि म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

त्या हिवाळ्यातले ते शेवटचे आठ-दहा दिवस मला अजूनही नीट आठवतात, कारण त्यांत आम्ही सुखी होतो. टपरीवर नवी नवी माणसं यायची. कॉलेजातली पोरं यायची. कोण गेलं, कोण राहिलं हे कुणी विचारत नव्हतं, जो तो संघ बनवत होता. नानांची जागा रिकामी होती, पण बाकावर इतकी गर्दी असायची की ती दिसत नव्हती.

उन्हाळ्यात मैदान खरवडलं. काळी माती ट्रॉल्यांनी गेली. गवत आलं, अध्यक्षांनी शब्द पाळला होता. ते हिरवं होतं, भर वैशाखात हिरवं होतं, आणि दुपारी त्याला तापलेल्या टायरसारखा वास यायचा. फक्त ते पूर्ण मैदानाचं नव्हतं. त्याचे लहान लहान चौकोन केले होते, भोवती जाळ्या. तासावर खेळायला द्यायचे. दिवे लागले. न्हाणीघरंही झाली असं ऐकलं. दारावर संस्थेच्या नावाची मोठी पाटी लागली आणि पांझरा स्पोर्टिंगची लोखंडी कमान गॅसने कापून काढली. आम्ही विचारलं, संघाचं काय? आधी सोयी, मग संघ, असं उत्तर मिळालं. पुढची दिवाळी आली. आकाशकंदील उतरले. थंडी पडली. स्पर्धा झाली नाही.

प्रल्हादने काही महिने शिकवलं. श्रीमंतांची मुलं गाडीतून यायची. तो त्यांना शब्दांनी काही सांगू शकत नसे, करून दाखवायचा, आणि त्याचा गुडघा दोनदा करून दाखवला की सुजायचा. मग नाशिकहून प्रमाणपत्रवाला प्रशिक्षक आला, इंग्रजीतून बोलणारा, स्वभावाने बरा मुलगा. प्रल्हाद त्याच्यासाठी प्लॅस्टिकचे शंकू मांडू लागला. चेंडूत हवा भरू लागला. मला भेटला की म्हणायचा, "चालू आहे भाऊ." मी खोलात विचारायचो नाही. विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

एका संध्याकाळी हमीदचाचा म्हणाले, "चल, अंदर से देखते हैं. आपलंच मैदान आहे." आम्ही रस्ता ओलांडून दाराशी गेलो. दाराशी रखवालदार उभा होता. निळा गणवेश, टोपी, हातात वही. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा कळलं, तो प्रल्हाद आहे.

तो आमच्याकडे पाहत नव्हता. वहीकडे पाहत म्हणाला, "चाचा, बुकिंग पायजे. आत सोडता नाही येत."

चाचांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "बेटा, तू अपनी ड्यूटी कर," म्हणाले आणि वळले. परत बाकापर्यंत येताना ते फक्त एवढंच बोलले, "खांदा दोन बोटं उतरलाय. त्याच्या मापाचा नाही शिवला."

दोन आठवड्यांनी प्रल्हाद सावद्याला निघून गेला. मला न भेटता गेला. खोलीच्या मालकिणीकडून कळलं.

तेव्हा मी जळगावला गेलो. वाटलं होतं, अध्यक्षांना भेटू, बोलू, आपल्याला बोलता येतं. संस्थेची इमारत काचेची आहे. खालच्या दालनात कपाटात आमच्या ढाली आणि चषक मांडले होते, खाली संस्थेचं नाव. प्रल्हादच्या गोलवर मिळालेला चषक दुसऱ्या फळीवर होता, पुसून लखलखीत केलेला. आमच्याकडे तो इतका स्वच्छ कधी नव्हता. दुपारपर्यंत बसलो. अखेर एक तरुण मुलगी आली, अदबीने म्हणाली, साहेब बाहेरगावी आहेत, काय काम होतं? मी म्हणालो, पांझरा स्पोर्टिंगच्या संदर्भात. तिने संगणकावर शोधलं. "आमच्याकडे या नावाचं काही दिसत नाही, काका," म्हणाली. कुणी आम्हाला फसवलं होतं असंही म्हणता येत नाही. कागदावर सगळं होतं. वाचायचं काम माझं होतं आणि मी चित्रं बघितली होती.

बन्सीनाना सभेनंतर काही दिवसांनी गावी गेले ते परत आले नाहीत. जाऊ, भेटू, माफी मागू, असं म्हणत मी तीन वर्षं काढली. साक्रीच्या गाड्या मीच पुकारत होतो, एकीतही बसलो नाही. गेल्या पावसाळ्यात नाना वारले. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मग मात्र गेलो. त्यांच्या सुनेने पाणी दिलं, घोंगडी टाकली. मी कोण हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचे आबा."

मी विचारलं, "काय म्हणायचे?"

"कंट्रोलरना आवाज भारी शे, म्हणायचे."

ती हे कौतुकाने सांगत होती. नानांनीही बहुधा कौतुकानेच म्हटलं असेल. मी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

यंदा थंडी पडली आणि त्या सकाळी भिंतीपाशी घसा साफ करून मी घरी आलो तेव्हा ठरवलं की नानांच्या बाबतीत केलं ते प्रल्हादच्या बाबतीत करायचं नाही. सावद्याला गेलो. जळगाव सोडलं की दोन्ही बाजूंनी केळी लागतात. थंडीचा चटका बसू नये म्हणून लोकांनी पहाटे बागांच्या कडेला काडीकचरा पेटवला होता, त्याचा धूर दिवस वर आला तरी पानांखाली साचून होता.

प्रल्हादच्या बायकोने दार उघडलं. तिने मला ओळखलं. आत या म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला थोडा वेळ घेतला.

"कशासाठी आलात भाऊ?"

"भेटायला."

"फुटबॉलचं काही काढू नका त्यांच्यापाशी," ती म्हणाली. "परत आले तेव्हा जुन्या ठिकाणी जागा नव्हती. आता रोजाने जातात, बोलावतील तिकडं. पोरीचं एक वर्ष गेलं शाळेचं. ते कुणाला बोल लावत नाहीत. लावला असता तर बरं झालं असतं. बोलतच नाहीत."

प्रल्हाद दुपारी आला. खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, मान पूर्वीपेक्षा पुढे आलेली. मला पाहून हसला. हात-पाय धुऊन माझ्याशेजारी जेवायला बसला. शेवेची भाजी होती. आम्ही थंडीबद्दल बोललो, केळीच्या पानांवर आलेल्या करप्याबद्दल बोललो, माझ्या निवृत्तीबद्दल बोललो. माफीचं वाक्य मी गाडीत दहा वेळा घोकलं होतं. ते जेवण होईपर्यंत आलं नाही, हात धुतानाही आलं नाही. मला परत गाडीपर्यंत सोडायला तो आला तेव्हा मी म्हणालो, "प्रल्हाद, माझ्यामुळे—"

"नाही भाऊ," त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "तुमी माझ्या भल्याचंच पाह्यलं. मले आतून वाटत होतं, हे काही खरं नाही. पण तुमी सांगत होते ना. म्हटलं, भाऊ सांगताहेत म्हणजे असेन."

गाडी आली. त्याने मला दंडाला धरून चढवलं, माझ्या पायाचं त्याला अजून लक्षात होतं. मग तो वळला आणि लंगडत रस्ता ओलांडून गेला. खिडकीपाशी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपरीवर हमीदचाचा माझी वाट पाहत होते.

"मिला?"

"भेटला."

"कैसा है?"

"बरा आहे."

"कुछ बोला?"

"नाही," मी म्हणालो.

चाचांनी मान हलवली. आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला. मग ते त्यांच्या मोतीबिंदूबद्दल बोलले. मी कांद्याच्या भावाबद्दल बोललो. पलीकडे जाळीमागे दिवे लागले, चेंडू कडेच्या फळ्यांवर आपटल्याचे आवाज येऊ लागले, कुणीतरी गोल झाल्यावर करतात तसा कल्ला केला. आम्हा दोघांपैकी कुणी तिकडे मान वळवली नाही. उठताना चाचा म्हणाले, "कल आओगे ना?"

"येईन."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. बाहेर पडायची वेळ झाली की स्वेटर घालायचो, चाचांचं 'कुछ बोला?' आठवायचं आणि परत काढून ठेवायचो.

पंधरा दिवसांनी टपरीवाला मला बाजारात भेटला. म्हणाला, चाचा आठवडाभर येऊन बसत होते, नेहमीसारखे दोन चहा सांगायचे. मग त्यांचंही येणं बंद झालं.

"तुम्ही दोघं भांडलात का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. भांडावं असं आमच्यात आता काही उरलं नव्हतं.